शब्दचर्चा: ‘क्लिअरन्स’ला मराठीत काय म्हणावं?

घाटमाथा:
भाची अमेरिकेत विमान चालवायला शिकते आहे. ती नेमकं काय शिकते ते तिच्या आजीला वाचायचंय, म्हणून तिच्या टिपणांचं मराठी करतोय. डोंगरातल्या विमानतळावरून नुसत्या उपकरणांच्या भरवशावर, ढगांतून निघण्याच्या प्रकरणात अडलो. त्यात ‘डिपार्चर क्लिअरन्स’ येतो आणि चार ओळींनी ‘ऑब्स्टॅकल क्लिअरन्स’. दोन्हीकडे ‘मंजुरी’ लिहिलं तर डोंगरानेच मंजुरी दिल्यासारखं वाटतं. आणि ‘डिपार्चर’ला निर्गमन म्हणू की प्रस्थान?

शब्दवेडी:
प्रस्थान नको. मुहूर्त टळू नये म्हणून पूर्वी सुपारी-तांदळाची पुरचुंडी शेजारच्या घरी नेऊन ‘प्रस्थान ठेवत’, माणूस निघायचा दोन दिवसांनी. आजींना हेच आठवेल. निर्गमन चालेल, पण कोरडं आहे. साधं ‘निघणं’ का नको?

धावपट्टी२७:
क्लिअरन्सला दोन शब्दच घ्या, कारण गोष्टी दोन आहेत. पहिली म्हणजे नियंत्रकाची परवानगी: या मार्गाने, या उंचीवर जा. दुसरी म्हणजे विमानाचं पोट आणि खालचा डोंगर यांच्यातलं अंतर. इंग्रजीत शब्द एकच, त्यामुळे पहिली मिळाली की दुसरी त्यातच आली असं पुष्कळ वैमानिक धरून चालतात. अमेरिकेत अशा विमानतळांसाठी अडथळे टाळून निघायची पद्धत छापलेली असते, पण परवानगी देताना नियंत्रकाने दरवेळी तिचं नाव घ्यावं असं बंधन नाही. वैमानिकाला वाटतं, नाव घेतलं नाही म्हणजे ती लागू नाही. प्रत्यक्षात, रडारवर पाहून नियंत्रक स्वतः दिशा देऊ लागेपर्यंत डोंगर चुकवायचं काम वैमानिकाचंच. ही पद्धत वापरायला वेगळी परवानगीही लागत नाही. ‘सिड’ नावाच्या ठरलेल्या मार्गांचं तसं नाही. ते परवानगीत नावानिशी मिळावे लागतात.

शब्दवेडी:
शब्दामुळे विमानं आपटतात हे जरा ओढूनताणून नाही का? वैमानिक काय शब्दकोश उघडून बसतात?

धावपट्टी२७:
१ डिसेंबर १९७४, टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं उड्डाण ५१४. प्रसंग उतरतानाचा आहे, पण शब्द हाच. वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळापासून चाळीसेक मैलांवर असताना ‘क्लिअर्ड फॉर अप्रोच’ असं ऐकू आलं. नकाशावर त्या टापूत किमान उंची ३४०० फूट दिसत होती, कॉकपिटमध्ये त्यावर बोलणंही झालं. तरी परवानगी मिळाली म्हणजे खाली यायला हरकत नाही असा अर्थ निघाला. १८०० फुटांकडे उतरत विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदरवर आदळलं, ९२ माणसं गेली. चौकशी मंडळात एकमत झालं नाही, पण नियंत्रणाच्या कार्यपद्धतीत स्पष्टता नव्हती हे बहुमताच्या निष्कर्षातही आहे. पुढे नियमच झाला: छापील मार्गावर स्थिरावेपर्यंत नियंत्रकाने दिलेली शेवटची उंची सोडायची नाही.

निघतानाचं उदाहरण हवं तर सॅन डिएगोजवळचा ब्राउन फील्ड घ्या. पूर्वेला ओटाय डोंगर, साडेतीन हजार फुटांहून थोडा उंच. मार्च १९९१ मध्ये गायिका रिबा मॅकएन्टायर यांच्या वाद्यवृंदाचं विमान तिथे आदळून दहा जण गेले. निघण्याआधी वैमानिकाने फोनवर माहिती देणाऱ्याला ३००० फुटांखालून जाण्याबद्दल विचारलं होतं, त्याने हरकत घेतली नाही. बोलणं वरच्या हवाईक्षेत्रात न शिरण्याचं होतं, डोंगराचा विषय राहिला. ऑक्टोबर २००४ मध्ये त्याच डोंगरावर लिअरजेट जातीचं एक छोटं जेट विमान आदळलं, पाच जण गेले. दोन्ही उड्डाणं रात्रीची, दोन्ही ‘नजरेच्या नियमांवर’, म्हणजे बाहेर बघत उडण्याची. उपकरणांवर उडण्याची परवानगी हवेत गेल्यावर घ्यायची होती. २००४ मध्ये तर नियंत्रकाला विमान रडारवर दिसत होतं, त्याने दिशाही दिली, आणि ५००० फुटांच्या वर परवानगी मिळेल असं सांगितलं. ती दिशा डोंगराकडे जात होती. नजरेच्या नियमांवर उडताना डोंगर बघायचा तो वैमानिकानेच, आणि अंधारात तो दिसणार कसा?

घाटमाथा:
म्हणजे नियंत्रक म्हणतो त्या ‘रडार कॉन्टॅक्ट’लाही जपूनच हात लावायला हवा.

धावपट्टी२७:
हो. ‘रडारसंपर्क’ म्हटलं की कोणीतरी सांभाळतंय असा भास होतो. ‘रडारवर दिसताय’ लिहा. तेवढाच अर्थ आहे.

घाटमाथा:
भाचीने एके ठिकाणी ‘चढ २०० फूट’ लिहून पुढे ‘मिनिटाला?’ असं प्रश्नचिन्ह टाकलंय.

धावपट्टी२७:
प्रश्नचिन्ह बरोबर जागी आहे. मैलाला, तोही सागरी मैल. पद्धतीत वेगळं काही दिलं नसेल तर किमान चढ एवढा धरतात. डोंगरात आकडा बराच मोठा असतो. समोरचं यंत्र मात्र मिनिटाला किती फूट हे दाखवतं, म्हणून गुणाकार करावा लागतो. जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग १८० नॉट, म्हणजे ताशी १८० सागरी मैल असेल तर मिनिटाला तीन मैल कापले जातात, म्हणजे ६०० फूट चढायला हवं. पद्धतीत ४०० मागितले असतील तर १२००. वारा पाठीमागून असेल तर वेग वाढतो, डोंगर लवकर येतो, तेव्हा आणखी. आणि हे सगळं इंजिनं धड आहेत असं धरून! एक बंद पडलं तर त्याचा हिशेब या आकड्यात नाही, तो वेगळा करून ठेवायचा असतो. ‘चढाचा दर’ हा शब्द मिनिटांसाठी राखा, मैलांच्या हिशेबाला ‘चढण’ म्हणा.

शब्दवेडी:
चढण छान आहे. आपल्याकडे घाटाला वापरतोच.

घाटमाथा:
ठरलं: परवानगी, डोंगरापासून अंतर, चढण. एकच उरलंय, ‘व्हिज्युअल क्लाइंब ओव्हर एअरपोर्ट’.

धावपट्टी२७:
‘विमानतळावर घिरट्या घेत चढणं’. डोंगर डोळ्यांना दिसत असतानाच करायचं, ठरलेली उंची गाठली की मग मार्गाला लागायचं. असं करणार हे नियंत्रकाला निघण्याआधीच कळवावं लागतं, तेही टिपणात असू द्या.