ऑइल रिपोर्टमध्ये व्हिस्कॉसिटी ९.१ आली, आता ५डब्ल्यू-४० टाकू का?

वाकड_ते_हिंजवडी:
नमस्कार मंडळी. गाडी बीएस६ डिझेल एसयूव्ही, रनिंग ४१,००० किमी. पहिल्यापासून फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३ (युरोपीय मानकातला कमी राखेचा वर्ग) ऑइल. यावेळी हौसेने जुन्या ऑइलचा नमुना लॅबला पाठवला. ऑइलवर ८,००० किमी झाले होते.

रिपोर्ट (धातू पीपीएममध्ये): लोखंड ३१, ॲल्युमिनियम ५, तांबं ४, शिसं २, क्रोमियम १, सिलिकॉन ११, सोडियम ४, पोटॅशियम २. व्हिस्कॉसिटी (ऑइलचा दाटपणा) १०० अंशांना ९.१ (नवीन ऑइलची १२.०), फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला ऑइलची वाफ पेट घेते) १७२, ऑइलमध्ये मिसळलेलं डिझेल ६.५ टक्के, टीबीएन (आम्ल मारायची ऑइलची ताकद) ४.३.

गॅरेजवाला म्हणतो, ऑइल पातळ पडलं, ५डब्ल्यू-४० टाका. गेजवर लेव्हल मॅक्सच्या वर दिसत होती, त्यावर म्हणाला की भरतानाच जास्त पडलं असेल. रोजची धाव ऑफिसपर्यंत ६ किमी, तीही सिग्नल मोजत. कोणाचं ऐकू?

घाटातला_गडी:
ब्रँड बदला, साहेब. लोखंड ३१ म्हणजे इंजिन झिजतंय. माझ्या जुन्या डिझेलमध्ये आयुष्यभर साधं १५डब्ल्यू-४० टाकलं, कधी हेड उघडावं लागलं नाही.

तेलकट_काकू:
गडीभाऊ, तुमच्या जुन्या गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नव्हता, त्यामुळे ती तुलना इथे चालत नाही. मी नोकरीभर लॅबमध्ये ऑइलच तपासलं. धातूंचे आकडे पाहून लोक घाबरतात आणि दोन ओळी खाली खरं दुखणं असतं ते वाचतच नाहीत.

आधी धातू उरकते. लोखंड ८,००० किमीला ३१, म्हणजे दर हजाराला चारच्या आत. त्यात रडण्यासारखं काही नाही. शिसं-तांबं खाली, म्हणजे बेअरिंग गप्प आहेत. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम जोडीने चढले असते तर एअर फिल्टरच्या पाइपला कुठे फट आहे का ते बघायला सांगितलं असतं, कारण रस्त्याच्या धुळीत दोन्ही असतात. सोडियम-पोटॅशियम कमी, म्हणजे कूलंट आत शिरलेलं नाही.

आता दुखणं. ३० ग्रेडची हद्द १०० अंशांना ९.३ ते १२.५. तुमचं ऑइल ९.१ वर, म्हणजे डब्यावर ३० लिहिलेलं ऑइल चेंबरमध्ये २० झालंय. ते कशाने पातळ झालं हे रिपोर्टच सांगतो: फ्लॅश पॉइंट १७२ आणि डिझेल साडेसहा टक्के. चेंबरमध्ये साडेपाच लिटर धरलं तर साधारण साडेतीनशे मिली डिझेल आत गेलंय. लेव्हल वर का चढली ते कळलं ना? पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालतात, तसलं हे वाढणं. भरताना जास्त पडलेल्या ऑइलने फ्लॅश पॉइंट खाली येत नाही.

डीपीएफमधली काजळी जाळायला इंजिन उशिराने जादा डिझेल सोडतं. त्यातलं थोडं लायनरवरून (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून) ओघळून चेंबरमध्ये उतरतं. सहा किलोमीटरच्या धावेत काजळी जाळणं पुरं होत नाही, गाडी बंद होते, उद्या पुन्हा पहिल्यापासून. पेट्रोल असतं तर लांबच्या प्रवासात बरंचसं उडून गेलं असतं, डिझेल तसं सहजी उडत नाही.

म्हणून ५डब्ल्यू-४० हा इलाज नाही. त्यातही डिझेल जाणारच, फक्त पातळ व्हायला ते जरा वरून सुरुवात करेल. आणि दुकानदाराने ए३/बी४ (त्याच मानकातला दुसरा वर्ग) चा डबा हातात ठेवला तर सरळ परत करा. त्यात राख जास्त असते. काजळी जळते, राख जळत नाही, ती डीपीएफमध्येच साचते.

टीबीएन ४.३ पाहून दचकू नका. सी३ ऑइलमध्ये सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते, त्यामुळे नवीन डब्यातही टीबीएन जुन्या डिझेल ऑइलइतका नसतो. तसंच बीएस४ डिझेलमध्ये गंधक ५० पीपीएमपर्यंत असायचं, बीएस६ मध्ये १० पर्यंत, म्हणजे मारायला आम्लही कमी. पुढच्या वेळी तुलना कराल तेव्हा चाचणीची पद्धत तीच आहे ना ते बघा. टीबीएन मोजायच्या डी२८९६ आणि डी४७३९ या दोन पद्धतींचे आकडे जुळत नाहीत, आणि वापरलेल्या ऑइलला दुसरी पद्धत सहसा कमी दाखवते.

वाकड_ते_हिंजवडी:
काकू, बरंच डोक्यात शिरलं. पण जाळणं चालू आहे हे मला कळणार कसं? डॅशबोर्डवर तर काहीच येत नाही.

चाकणचा_फिटर:
मी सांगतो. उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा वर राहतो, तात्पुरतं ॲव्हरेज एकदम पडतं, आणि गाडी बंद केली तरी फॅन धो धो फिरतो, जळका वास येतो. असं वाटलं की पार्किंगमध्ये शिरू नका. बायपासला घ्या, वीसेक मिनिटं एकसारखी चालवा. आणि मॅक्सच्या वर लेव्हल गेली की गाडी तशीच दामटू नका. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) ऑइल इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या वाटेत) गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं, मग चावी काढूनही थांबत नाही.

हायवेला चालवूनही लेव्हल चढत राहिली, तर मात्र इंजेक्टर तपासून घ्या.

घाटातला_गडी:
बरं, ब्रँडचं सोडा. पण "फुल सिंथेटिक" म्हणतात त्यात फरक असतो का नाही?

तेलकट_काकू:
असतो, पण लेबलवर दिसत नाही. खनिज तेलावर हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून केलेलं ग्रुप ३ ऑइल सिंथेटिक म्हणून विकावं का, यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल भांडले. १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात तंटा मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून बाजारातल्या बऱ्याच "सिंथेटिक" डब्यांत ग्रुप ३ च असतं, आणि ते वाईट मुळीच नाही. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा: सी३ आहे का, आणि तुमच्या हँडबुकमधला मंजुरीचा नंबर जसाच्या तसा आहे का. पुढे छापलेली रेसिंग कार बघून पैसे देऊ नका.

वाकडकर, तुमची धाव अशीच राहणार असेल तर तेच ऑइल ५,००० ला बदला. जुना ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडून बघा, कारण लॅबचं मशीन फक्त बारीक कण मोजतं, डोळ्याला दिसणारा चुरा त्यात येतच नाही. पुढचा नमुना गरम इंजिनातून घ्या, नट काढल्यावर पहिली धार जाऊ द्या आणि मधली बाटलीत धरा. त्याच डब्यातलं नवीन ऑइलही दुसऱ्या बाटलीतून पाठवा.