मदत हवी आहे: फुलणाऱ्या अ‍ॅशची पानं पिवळी पडताहेत. पाणी कमी की जास्त?

नमस्कार मंडळी,

मी न्यू मेक्सिकोत, लास क्रूसेसला राहते. मोगऱ्याला इथली थंडी सोसत नाही, दर हिवाळ्यात कुंडी उचलून घरात आणायची. कंटाळून इथल्याच मातीतलं वासाचं झाड शोधायला लागले आणि फ्रॅक्सिनस कस्पिडाटा, म्हणजे फुलणाऱ्या अ‍ॅशचं झाड, सापडलं. बहुतेक अ‍ॅश वाऱ्यावर पराग सोडून मोकळे होतात, त्यांच्या फुलांना पाकळ्याच नसतात. याला मात्र फितीसारख्या चार पांढऱ्या पाकळ्या, वसंतात घोसच्या घोस आणि गोड वास. कूळही मोगरा-पारिजातकाचंच! चिवावाच्या वाळवंटात खडकाळ उतारांवर, घळींमध्ये आपसूक वाढतं. म्हटलं, याला काय करावं लागणार?

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये लावलं. यंदा एप्रिलमध्ये पहिले तीन घोस आले, तेव्हा शेजारणीला मुद्दाम बोलावून वास घ्यायला लावला. आता जूनमध्ये खालची पानं पिवळी पडताहेत. एका देठावर पाच पर्णिका असतात. नुसता हात लागला की त्या गळतात आणि देठ तेवढा फांदीवर राहतो. लोह कमी पडलं तर आधी कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. इथे पानं जुनी आहेत आणि शिराही पिवळ्या. 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेल्या त्या हिरव्या भुंग्याने अ‍ॅशचा फडशा पाडलाय, म्हणून खोडही निरखून पाहिलं. इंग्रजी डीच्या आकाराचं एकही भोक नाही.

संशय आहे तो खड्ड्याचा. खणताना दीड फुटावर कलीची लागली, म्हणजे चुन्याचा सिमेंटसारखा घट्ट थर. पहारीने नुसते टवके उडत होते. नवरा म्हणाला "पुरे आता", आणि (आयुष्यात एकदाच) मी त्याचं ऐकलं. वर ड्रिपची नळी गुलाबांबरोबर सामाईक, आठवड्यातून तीनदा तासभर. शेजारीण म्हणते, पारा शंभर फॅरनहाइटच्या वर गेलाय, पाणी वाढव. मला वाटतं मुळं पाण्यात बसलीत. पण या उन्हात पाणी तोडायची हिंमत होत नाही.

कुणी कलीचीवर झाड जगवलंय का? आत्ताच खोडापासून लांब पहारीने थर फोडून निचऱ्याला वाट करून द्यावी, की झाड झोपल्यावर हिवाळ्यात दुसरीकडे हलवावं?

ता.क. हे लिहून झाल्यावर बुंध्याजवळ लांब स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला. वर दोन बोटं धूळ. पुढे तो लोण्यात शिरल्यासारखा गेला, आणि बाहेर आला तो काळा चिखल घेऊन. गटारासारखा वास येतोय. या झाडाची नळी बंद केलीय, गुलाबांची चालू आहे. किती दिवस बंद ठेवू?