अनुभव धागा : गाडीतला 'घूंऽऽ' आवाज तुम्ही कसा शोधला?

सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होते, इंजिनाबद्दल तक्रार नसते, आणि तरीही चालत्या गाडीतून एक बारीक, सलग, हळूहळू चढत जाणारा आवाज येऊ लागतो. गॅरेजमध्ये नेऊन उभी केली की तो नेमका गप्प बसतो. अशा आवाजाचे मूळ ज्यांना सापडले, त्यांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. मात्र कोणता भाग बदलला एवढेच न सांगता आवाज कशाबरोबर चढत-उतरत होता, गाडीच्या वेगाबरोबर, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, क्लचबरोबर की स्टिअरिंगबरोबर, हे आवर्जून लिहावे. "बेअरिंग टाकले, आवाज गेला" या वाक्याचा दुसऱ्याला काडीचा उपयोग नाही. गाडीत बेअरिंगे (फिरता भाग सहज फिरावा म्हणून बसवलेली गोळ्यांची कडी) कितीतरी असतात.

नाशिक, पेट्रोल हॅचबॅक

ताशी ५० किलोमीटरच्या पुढे आवाज सुरू होई आणि ८० ला गप्पा मारणे नकोसे करी. सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून क्षणभर वाहू दिली, तेव्हा इंजिनाच्या फेऱ्या खाली आल्या तरी आवाज तसाच राहिला. त्यामुळे इंजिन आणि त्याचे पट्टे यादीतून गेले. (हा प्रयोग उतारावर कोणीही करू नये.) उरले टायर आणि चाकांची बेअरिंगे. पुढचे टायर मागे टाकून पाहिले, आवाजाने जागा सोडली नाही. खरा उलगडा कसारा घाटात झाला : डाव्या वळणावर आवाज भरून येई, उजव्या वळणावर जवळजवळ विरे. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो, म्हणून संशय उजव्या बाजूवर गेला. नंतर मेकॅनिकने त्या बाजूचे चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले आणि माझी बोटे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवायला लावली. कानाला काहीच ऐकू येत नव्हते, पण स्प्रिंगमधून बारीक खरखर स्पष्ट जाणवत होती. डाव्या बाजूची स्प्रिंग मात्र निवांत होती. नवे बेअरिंग हातोड्याने ठोकून न बसवता प्रेसवर बसवून घ्यावे, असा माझा आग्रह राहील, कारण ठोकताना आतल्या गोळ्यांचे मार्ग दबतात आणि नवे बेअरिंगही थोड्याच दिवसांत तोच सूर लावते.

चिपळूण, मागच्या चाकांवर चालणारी डिझेल जीप

जुलै २०२१ च्या पुरात आमची जीप खिडक्यांपर्यंत पाण्यात होती. इंजिन खोलून साफ झाले, सीट वाळवल्या, वायरिंग दुरुस्त झाले, पण मागच्या आसाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. पावसाळा संपता संपता मागून घोंघावणे सुरू झाले आणि त्याची खूण अगदी वेगळी होती : अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाज उभा राहायचा, पाय उचलला की वेग तोच असूनही तो पडायचा. चाकाचे बेअरिंग असे वागत नाही. भार बदलताच सूर बदलणे हे डिफरन्शिअलमधल्या (मागच्या आसावरची, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) क्राउन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीचे लक्षण. ड्रेनचा बोल्ट सोडल्यावर काळसर ऑइलऐवजी तांदळाच्या पेजेसारखे पांढुरके द्रव बाहेर आले आणि बोल्टच्या चुंबकावर लोखंडाचा चुरा साचलेला दिसला. पुराचे पाणी ब्रीदरमधून, म्हणजे त्या पेटीच्या हवेच्या भोकातून, आत शिरले होते. स्वच्छ करून ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल भरल्यावर आवाज कमी झाला, पण गेला नाही, कारण दात आधीच झिजले होते. शेवटी क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागले. शिम (पातळ चकत्या) घालून दातांमधली फट जुळवायचे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे. ज्यांची गाडी कधीही पुरात उभी होती, त्यांनी आवाजाची वाट न पाहता गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचे ऑइल काढून पाहावे.

सोलापूर

आमचा आवाज गाडी उभी असतानाही, फेऱ्या वाढवल्या की येत असे, आणि हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर असे सगळे चालू केले की आणखी चढे. विजेचा भार वाढल्यावर आवाज वाढतो म्हटल्यावर अल्टरनेटरकडे, म्हणजे पट्ट्यावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राकडे, बोट जातेच. ऑटो इलेक्ट्रिशियनने पट्टा उतरवून इंजिन जेमतेम काही क्षण चालवले (आमच्या गाडीत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर आहे, त्यामुळे जास्त वेळ चालवणे धोक्याचे), तेव्हा शांतता झाली. अल्टरनेटरची पुली हाताने फिरवताच ती अडखळत होती. संपूर्ण अल्टरनेटर बदलण्याचा सल्ला एका ठिकाणी मिळाला होता. प्रत्यक्षात आतली बेअरिंगे बदलून भागले.

ठाणे

सोलापूरच्या अनुभवाला एक पुरवणी. आमच्याकडेही सूर फेऱ्यांबरोबरच चढत होता, परंतु म्युझिक सिस्टिम बंद करताच तो नाहीसा झाला. आवाज स्पीकरमधून येत होता! नंतर बसवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची तार रंग न खरवडता पत्र्यावर कसली होती, त्यामुळे अर्थिंग नीट न होता अल्टरनेटरचा सूर स्पीकरमध्ये शिरत होता.

बेळगाव

न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना घूं-घूं, क्लच पूर्ण दाबला की बंद : गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे (इंजिनाची ताकद आत आणणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग निघाले. याच्या उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर आधी रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे) पाहावे. आणि फक्त रिव्हर्समध्ये येणाऱ्या आवाजासाठी गिअरबॉक्स उतरवू नये. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सचे दाते सरळ कापलेले असतात, ते असेच गातात.

पिंपरी-चिंचवड, सेदान

द्रुतगती मार्गावरच्या काँक्रीटवर आवाज असह्य होई, तर गुळगुळीत डांबरावर चाक लागताच खाली येई. रस्त्याप्रमाणे आवाज बदलतो, हेच टायरकडे बोट दाखवणारे होते. मागच्या टायरवरून तळहात फिरवला. एका दिशेने तो सहज सरकला, उलट दिशेने नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची कडा करवतीसारखी हाताला लागली. अलाइनमेंट बिघडलेली होती, ती करून घेतली. परंतु त्यामुळे यापुढची झीज थांबते, आधी पडलेल्या कडा भरून येत नाहीत. टायरची नक्षी अजून बरीच शिल्लक असल्याने ते लगेच बदलणे परवडणारे नाही, तेव्हा तूर्त आवाज आहे आणि आम्ही आहोत.