तालमीच्या अंधारासाठी फास्ट प्राइम: ३० की ५६? (बजेट वाचून सल्ला द्या)

विंगेतून
मंडळी, सल्ला हवाय. फास्ट प्राइम घ्यायची आहे, म्हणजे झूम न होणारी पण भरपूर प्रकाश आत घेणारी लेन्स. कॅमेरा सोनी ए६४००, सोबत आलेली १६-५० किट लेन्स. आमच्या नाट्यगटाच्या तालमींचे फोटो काढते. हॉलमध्ये उजेड यथातथाच. ५० एमएमला किट लेन्स एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी). हातवारे गोठवायला शटर १/२५० सेकंद ठेवलं की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० ला जाऊन भिडतो आणि चेहऱ्यावर नुसते दाणे.

सिग्मा ३० एफ/१.४, सिग्मा ५६ एफ/१.४ आणि सोनी ३५ एफ/१.८ ओएसएस (हाताची थरथर सावरणारी) या तिघींत अडकले आहे. बजेट बॉडीच्या किमतीच्या निम्म्याच्या आत. निम्म्याच्या! "फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्या" म्हणणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार. लेन्स हलकी हवी, पूर्ण तालीम कॅमेरा हातात असतो. दुसरं म्हणजे, नवी लेन्ससुद्धा कधीकधी सदोष निघते असं ऐकलंय. ती घरच्या घरी कशी तपासायची?

लोलक
डोळे मिटून सिग्मा ३०. माझ्याकडे आहे, बॉडीवरून उतरतच नाही. १.४ ला मध्यभाग असा धारदार येतो की बस. फुल फ्रेमच्या हिशेबात ४५ एमएम पडते, म्हणजे सगळ्यासाठी चालते. घ्या आणि धागा बंद करा.

बोकेश्वर
बजेट वाचलं. तरी सांगतो, कारण नंतर तुम्हालाच हळहळ वाटेल. एपीएस-सी वर (तुमच्यासारख्या लहान, क्रॉप सेन्सरवर) पैसे घालणं म्हणजे भाड्याच्या घराला रंग काढणं. मी फुल फ्रेमवर ५० एफ/१.२ जीएम (सोनीची वरच्या दर्जाची मालिका) वापरतो. १.२ ला पापण्यांचे केस मोजता येतात आणि मागचं सगळं विरघळून जातं. वजन ७७८ ग्रॅम आहे, पण हाताला सवय होते.

विंगेतून
७७८! माझी बॉडी बॅटरीसकट ४०३ ग्रॅमची आहे हो.

किटलेन्स_झिंदाबाद
लेन्स बदलून फोटो सुधारतो हा गैरसमज कधी जाणार? रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, हल्लीचं नॉइज कमी करणारं सॉफ्टवेअर वापरा, ६४०० काहीच नाही. मी १२८०० वर काढतो आणि प्रिंट लावतो भिंतीवर.

तिपाई
सॉफ्टवेअर कामाचं आहे हे खरं, पण आधी उजेडाचा हिशेब बघा. एफ/५.६ वरून एफ/१.४ म्हणजे चार स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट). तेच शटर ठेवून आयएसओ ६४०० चा थेट ४००. एफ/१.८ घेतलीत तर साधारण ६४०. म्हणजे १.४ आणि १.८ मधला फरक जेमतेम दोन तृतीयांश स्टॉपचा, आणि लोक त्यावरून भांडून उठतात.

खरी अडचण वेगळी आहे. ५६ एमएम एफ/१.४ वर पात्र दोन मीटरवर असेल तर स्पष्ट दिसणारी खोली (पुढून मागे जेवढं फोकसमध्ये राहतं ते) साधारण ७ सेंटिमीटर. चार मीटरवर २८. नाटकात दोन पात्रं क्वचितच एका रेषेत उभी असतात. एकाचा डोळा फोकसमध्ये आला की दुसरा गेलाच. ३० एमएमला त्याच दोन मीटरवर २५ सेंमी मिळते, म्हणजे जरा श्वास घेता येतो. तेव्हा १.४ विकत घेतलीत तरी बराच वेळ २ किंवा २.८ वरच वापराल.

कुठला फोकल लेंग्थ हवा ते आम्हाला विचारू नका, तुमच्याच फोटोंना विचारा. जुन्या तालमींचे निवडलेले फोटो उघडा आणि प्रत्येकाच्या माहितीत किती एमएम लिहिलंय ते बघा. नुसते काढलेले नव्हे, निवडलेले.

बोकेश्वर
कोणी खरं सांगत नाही म्हणून सांगतो. क्रॉप सेन्सरवर एफ/१.४ ही एफ/१.४ राहतच नाही. दीडने गुणा, २.१ होते. "फास्ट" लेन्सचे पैसे देऊन एफ/२ घेताय.

भिंगोबा
@बोकेश्वर, पुन्हा तेच. एक्स्पोजर बदलत नाही. प्रकाशमापक घ्या, १.४ म्हणजे १.४, कुठल्याही सेन्सरवर.

बोकेश्वर
एक्स्पोजर नाही हो, खोली आणि एकूण गोळा होणारा प्रकाश. सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोन पट आहे.

भिंगोबा
मग तसं म्हणा ना. "राहतच नाही" असं काय लिहिता? नवीन माणूस वाचून शटर बदलायला जाईल.

तिपाई
दोघंही बरोबर आहात. खोलीचा हिशेब करताना दीडने गुणा, एक्स्पोजरचा करताना गुणू नका. बाईंना इथे खोली जास्तच हवी आहे, त्यामुळे क्रॉप सेन्सरचा हा "तोटा" त्यांच्या पथ्यावरच पडतो. आता पुढे चला.

जुनं_ते_सोनं
सगळे नव्या लेन्सच्या मागे! फिल्मच्या काळातली ५० एफ/१.४ घ्या, साधा अ‍ॅडॉप्टर लावा. मिररलेसचा (तुमच्यासारख्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा) मोठा फायदाच हा, जवळजवळ कुठलीही जुनी लेन्स बसते. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लावलं की हाताने फोकस करायला मजा येते. धातूची बांधणी, मोटर नाही म्हणजे मोटर बिघडायचा प्रश्नच नाही. १.४ ला थोडी धूसर झळाळी येते, पण तोच तर तिचा स्वभाव. आजच्या लेन्सना स्वभावच नाही.

लोलक
तालमीत धावणाऱ्या माणसावर हाताने फोकस? १.४ ला? शुभेच्छा. ए६४०० चा डोळे ओळखणारा ऑटोफोकस मग कशासाठी घेतला त्यांनी?

जुनं_ते_सोनं
आमच्या वेळी सगळे हातानेच करायचे.

शटरबंद
एक गोष्ट कोणी बोललं नाही. तालमीत खटखट नको म्हणून सायलेंट शटर लावाल. हॉलमध्ये एलईडी दिवे असतील तर फोटोवर आडवे पट्टे येऊ शकतात. दिवे लुकलुकत असतात, आपल्याला ते जाणवत नाही इतकंच, आणि या बॉडीचा सेन्सर एका दमात वाचला जात नाही, वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. लेन्स बदलून ते जाणार नाही. पट्टे दिसले तर मेकॅनिकल शटर लावा, नाहीतर शटर १/१०० च्या आसपास आणून बघा. नवी लेन्स खराब निघाली म्हणून लोक परत करतात आणि दोष दिव्याचा असतो.

दिवसा बाहेर नेणार असाल तर हेही लक्षात घ्या: कडक उन्हात आयएसओ १०० वर एफ/१.४ ला १/१२००० च्या आसपास शटर लागतं. तुमच्या बॉडीची धाव १/४००० पर्यंतच. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) घ्यावा लागेल.

विंगेतून
शटरबंद, पट्टे! मला वाटत होतं कॅमेराच बिघडलाय. आभार.

तिपाईंनी सांगितलं तसं जुने फोटो चाळले. मला पक्कं वाटत होतं की मी ३० च्या आसपास काढते. निवडलेल्यांत बहुतेक ४५ ते ५० निघाले. बसते भिंतीला टेकून, मध्ये यायला दिग्दर्शक देत नाहीत.

लोलक
तरी ३० च. जवळचं हवं तर क्रॉप करायचं. २४ मेगापिक्सेल आहेत.

तिपाई
३० वरून ५६ इतकं क्रॉप केलं तर २४ मधले सातच्या आसपास उरतात. फोनवर बघायला पुरेत, पोस्टरला नाही. शिवाय दाणेही तेवढेच मोठे होतात, म्हणजे मिळवलेला आयएसओ परत दिलात.

अमुकतमुक
सिग्मा ३० घ्या. आधी कोणी सुचवली का माहीत नाही, धागा वाचलेला नाही.

भिंगोबा
कॉपी (म्हणजे आपल्या हाती आलेली नेमकी लेन्स) तपासण्याबद्दल. माझी एक फास्ट प्राइम (कंपनीचं नाव घेत नाही) नवी कोरी, डावी बाजू कायम मऊ. लग्नातल्या ग्रुप फोटोत डावीकडच्या काकू दर वेळी धूसर. सर्व्हिसला पाठवली, "मर्यादेत आहे" असा शेरा मारून जशीच्या तशी परत. तोवर परतीची मुदत संपलेली. काकू अजून टोमणे मारतात. तेव्हा आल्या दिवशीच तपासा. परीक्षणं त्यांच्या कॉपीची असतात, तुमच्या नव्हे.

तिपाई
भिंगोबांशी सहमत. विटांच्या भिंतीचा फोटो सगळे सांगतात, पण त्यात भिंत आणि कॅमेरा अगदी समांतर हवेत. जरा तिरकं झालं की चांगल्या लेन्सवर खोटा आळ येतो. भिंतीवर सपाट आरसा लावा, कॅमेरा तिवईवर ठेवा, आरशात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर फ्रेमच्या मध्यावर आलं की समांतर झालात.

मला त्याहून सोपी रीत आवडते. लांबचा एखादा बारीक तपशिलाचा विषय निवडा, मोबाइलचा टॉवर, गच्चीचा कठडा, काहीही. लेन्स पूर्ण उघडी, दोन सेकंदांचा टायमर, तिवईवर स्टॅबिलायझेशन बंद. तोच विषय आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा आणि प्रत्येक वेळी त्या कोपऱ्यावर नव्याने फोकस करा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ती त्या लेन्सची जात आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू वेगळी पडली तर काचेचा एखादा गट सरकलेला किंवा कललेला आहे, परत करा. नव्याने फोकस करायचं कारण असं की काही लेन्सचं फोकसचं प्रतल वक्र असतं, मध्यावर फोकस ठेवून कोपऱ्याला नावं ठेवणं बरोबर नाही.

मग एखादी मोजपट्टी टेबलावर तिरकी ठेवून पूर्ण उघड्या लेन्सने फोटो काढा. फोकसच्या पुढचे आकडे जांभळट आणि मागचे हिरवट दिसले तर घाबरू नका, फास्ट लेन्समध्ये कमीअधिक असतंच. रात्री दिव्यांचे ठिपके फोकसबाहेर घालून गोळे बघा. कडेला ते बदामासारखे लांबट होणार, तेही नेहमीचं.

आणि लेन्स हलवल्यावर आत खुळखुळ आली तर लगेच तक्रार करू नका. काही लिनिअर मोटरच्या आणि काही स्टॅबिलायझेशनच्या लेन्समध्ये वीज नसताना आतला गट सैल असतो. कॅमेरा चालू केला की आवाज थांबतो.

जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यांसारखा पुढे-मागे फोकस चुकण्याचा खेळ इथे फारसा नाही, कारण फोकस सेन्सरवरूनच ठरतो. तेवढी डोकेदुखी कमी.

किटलेन्स_झिंदाबाद
इतका वेळ भिंती मोजण्यात घालवलात तर नाटक संपेल.

बोकेश्वर
व्हिल्ट्रॉक्स ७५ एफ/१.२ कोणी सुचवलीच नाही? एपीएस-सी वर राहायचंच असेल तर निदान ती.

लोलक
तीही अर्ध्या किलोहून जड. आणि ७५ लावून हॉलच्या बाहेर उभं राहायचं का?

शटरबंद
फोकल लेंग्थ बघता सिग्मा ५६ शहाणपणाची. २८० ग्रॅम. स्टॅबिलायझेशन मात्र नाही, आणि ए६४०० च्या बॉडीतही नाही. १/२५० ला काही फरक पडत नाही म्हणा.

विंगेतून
मंडळी, निर्णय झाला आणि तुम्ही रागावणार. यादीतलं काहीच घेतलं नाही. गटातल्याच एकाकडे सोनी ५० एफ/१.८ ओएसएस कपाटात पडून होती. त्यांनी फुल फ्रेम घेतलाय (बोकेश्वर, खूश?). २०२ ग्रॅम. किंमत सांगत नाही, पण बजेटमधून बरेच उरले.

टॉर्च मारून बघितली, बुरशी नाही, पात्यांवर तेल नाही. समोरच्या इमारतीवरचा अँटेना चारही कोपऱ्यांत फिरवला. १.८ ला चारही सारखेच मऊ, २.८ ला सगळे सुधारतात. खुळखुळही आहे! तिपाईंचं वाचलं नसतं तर परतच केली असती. कालच्या तालमीत आयएसओ १६०० च्या वर गेले नाही. दोघांच्या प्रवेशाला २.८ वर आणलं, एकट्याच्या स्वगताला १.८.

लोलक
१.८ ला फास्ट म्हणायचं म्हणजे... असो. ३० घेतली असती तर पूर्ण रंगमंच आला असता.

विंगेतून
पूर्ण रंगमंचाला किट लेन्स आहे की. तेव्हा सगळे एका जागी उभे असतात, शटर कमी चालतं.

किटलेन्स_झिंदाबाद
👏👏

तिपाई
उत्तम. ओएसएस चा फायदा शांत प्रवेशात घ्या, पात्र स्तब्ध असेल तर १/६० लाही जमेल. हलत असेल तर ओएसएस काही करू शकत नाही, ते तुमचा हात सावरतं, नटाचा नव्हे.

जुनं_ते_सोनं
अ‍ॅडॉप्टरचा विचार डोक्यात ठेवा.

नवाभिडू
धागा छान. माझ्याकडे कॅननचा आरएफ माउंट (लेन्स बसवायची जागा) असलेला कॅमेरा आहे. हाच सल्ला चालेल का? सिग्मा ३० बसते का?

शटरबंद
आधी तुमचा सेन्सर सांगा. एपीएस-सी असेल तर सिग्माच्या क्रॉपवाल्या लेन्स २०२४ पासून आरएफ माउंटमध्ये यायला लागल्या आहेत, पण घेताना माउंट नीट वाचून घ्या, सोनीची तुमच्यावर बसणार नाही. स्वस्त आणि हलकं हवं तर आरएफ ५० एफ/१.८ आहे, १६० ग्रॅम, कॅननच्या क्रॉपवर ८० एमएम पडते. फुल फ्रेम असेल तर वेगळा धागा काढा, इथे बोकेश्वर आहेत.