काही विशेष न घडलेल्या दिवशी तुम्हाला काय आवडतं?

ओला_कागद · रविवार, रात्री 11.10

नमस्कार. मी गोव्याची, फोंड्याची. आल्तिनोच्या कला महाविद्यालयातून बाहेर पडून चार वर्षं झाली. पणजीत जाहिरातींच्या एका ऑफिसात होते, ते गेल्या ऑक्टोबरात सोडलं. आता पूर्ण वेळ चित्रं. होमस्टेवाल्यांच्या भिंती रंगवते, फोटोवरून माणसांची चित्रं करून देते, शनिवारी बारा मुलांचा वर्ग घेते. ओढूनताणून भागतं.

नातेवाईक भेटले की म्हणतात, "मनासारखं करतेस, मजा आहे बाबा तुझी." मी हो म्हणते. खरं तर दिवस जातो कोटेशन पाठवण्यात, "सर, त्या पैशांचं जरा बघाल का" हा मेसेज चारदा खोडून पाचव्यांदा पाठवण्यात आणि कागदावरची बुरशी पुसण्यात. परवा जपून ठेवलेला चांगला कागद काढला, निळा लावला, तर टीपकागदासारखा पिऊन टाकला. आणि पावसाळा अजून बराच बाकी आहे.

पहिलं प्रदर्शन, पुरस्कार, कोणी मोठा माणूस काय म्हणाला, ते नको आहे. रंगावर पोट भरणाऱ्यांना विचारते: अगदी साध्या दिवशी, ज्या दिवशी सांगण्यासारखं काहीच घडलं नाही अशा दिवशी, तुम्हाला काय आवडतं? लहानसहानच सांगा. माझं आधी सांगते, म्हणजे तुम्हाला लाज वाटायला नको. मला ब्रश धुवायला आवडतं. कधी कधी चित्र काढण्यापेक्षा जास्त.

दिवाडी_फेरी · रविवार, रात्री 11.52

ब्रश धुणारे पुष्कळ आहेत, घाबरू नकोस.

आधी कागदाचं. त्यावर जिलेटीनचा पातळ थर असतो, त्याच्यामुळे रंग वर तरंगतो. दमट हवेत बुरशी तो थर खाते, मग रंग सरळ आत. गेलेला कागद परत येत नाही, पण फेकू नकोस, कोळशाच्या कामाला चालतो. उरलेला पत्र्याच्या ट्रंकेत ठेव. कपाटातच ठेवणार असशील तर आत बल्ब लाव, चोवीस तास.

आता सुखाचं. जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावर जाणारी फेरीबोट पाचेक मिनिटांत पलीकडे लागते. मी कठड्याला टेकून वही काढतो. काठ जवळ येईपर्यंत जेवढं उतरेल तेवढं उतरेल. मग त्याच बोटीने परत. चालत येणाऱ्याला तिकीट नाही, त्यामुळे कितव्यांदा चाललो हे विचारणारं कोणी नाही, असं मला वाटायचं. एका सकाळी सात फेऱ्या झाल्या. आठव्या वेळी खलाशी म्हणाला, "पात्रांव, घर खंयचे वटेन तें विसरले काय?" म्हणजे मालक, घर कुठल्या बाजूला ते विसरलात काय?

आणि पावसाला शिव्या देऊ नकोस. एप्रिलात आकाशाचा हात मारून होईस्तोवर वरचा कोपरा वाळलेला असतो. आत्ता वीस-वीस मिनिटं रंग ओला राहतो. ढग स्वतःच ढग होतात, आपण नुसतं बसायचं.

ब्रश_आणि_बिल · सोमवार, सकाळी 8.05

मडगावहून. अर्धे पैसे आगाऊ घे. ते "सर, जरा बघाल का" बंद होईल आणि सुखाला जागा होईल. मी बारा वर्षं भिंती रंगवतोय, अनुभवाचं सांगतो.

माझं सुख म्हणाल तर बँकेचा मेसेज. हसू नका. दुसरं म्हणजे परांचीवरून उतरायचं, रस्ता ओलांडून गाड्यावर रस ऑम्लेट घ्यायचं आणि खाता खाता आपलीच भिंत लांबून बघायची. वर असताना नुसतं नाक दिसतं, इथून माणूस दिसतो. त्यात कोणी स्कूटर थांबवून बघत असेल तर एक पाव जास्त.

चिखलवाला_माशेल · सोमवार, रात्री 10.40

बाय, मी चित्रकार नव्हे. गणपती करतो, माशेलला. शिगम्याला चित्ररथाचं काम मिळतं, मधे देवळांचं रंगकाम असतं, पण घर चालतं ते चवथीवर. आमच्या जागेला चित्रशाळा म्हणतात तेवढ्या आधारावर इथे लिहितोय. मोबाईलवर अंगठ्याने टाइप करतो, चुका पोटात घाला.

मला सगळे डोळ्यांबद्दल विचारतात. कॉलेजची पोरं येतात, पेपरवाले येतात, कॅमेरा लावून बसतात: काका, आखणी करताना काय वाटतं? काय वाटणार? रात्रीचा एक वाजलेला असतो, मान आखडलेली असते आणि अजून चाळीस मूर्ती बाकी असतात. त्या घटकेला मी एवढंच बघतो की डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा होत नाही ना. डोळे चांगले उतरले तर आनंद ज्याच्या घरी मूर्ती जाते त्याला. मला आनंद सुटल्याचा.

माझं सुख पाटांचं.

गोव्याबाहेरचे वाचत असतील तर सांगतो. आमच्याकडे घरचा लाकडी पाट आधी चित्रशाळेत येतो आणि मूर्ती त्याच्यावरच बसते. आषाढ लागला की पाट यायला लागतात. कोणी स्कूटरवर पुढ्यात उभा धरून आणतो, कोणी कदंबातून कंडक्टरशी भांडून. सगळे भिंतीला टेकवून ओळीने लावतो. सव्वाशेच्या वर जातात. संध्याकाळी हात धुतले की चहा घेऊन त्यांच्यासमोर बसतो. घरात टीव्ही चालू असतो, मी पाट बघतो.

एक आहे फणसाचा, दोघांनी उचलायचा. एका पायाला वाळवी लागली होती, तिथे कोणीतरी बाटलीचं बूच ठोकलं आहे, ते तीस वर्षं टिकलं. एकावर खालच्या अंगाला घराण्याचं नाव रोमन अक्षरांत कोरलेलं आहे, पोर्तुगीज काळातलं स्पेलिंग. आता त्यांची नातवंडं ते नाव वेगळंच लिहितात. एका पाटाच्या पाठीवर मूर्तीची उंची पेन्सिलीने मांडलेली आहे, वर्षामागून वर्ष, इंचांत. 15, 15, 18, मग 21. 21 च्या वर्षी पोराला आखातात नोकरी लागली होती. त्याच्यापुढे परत 15. का ते मी विचारलं नाही, आणि 15 ची केली तर कोणाला कमी दिसू नये म्हणून मुकुट अर्धा बोट वर नेला.

दोन भाऊ वेगळे झाले. जुना पाट थोरल्याकडे गेला. धाकटा सनमायका लावलेला नवा घेऊन आला, आरशासारखा. त्याच्यावर माती धरेना, मूर्ती बूड सोडायची. दरवर्षी बसवायच्या आधी त्याला तारेचा ब्रश मारायचो आणि मनात धाकट्याला शिव्या घालायचो. या खेपेस पाट आला तर कोपऱ्याचा सनमायका उडालेला, आतलं लाकूड काळं पडलेलं. आता माती धरतो. आठ वर्षं लागली त्याला पाट व्हायला.

हे असलं बघत बसतो. बायको म्हणते, लोकांची उणीदुणी काढतोस. तसं नाही. पण तिला पटवायला गेलो तर चहा गार होतो.

बाकी सुखं किरकोळ. सकाळी साडेसहाला पोदेराचा, म्हणजे आमच्या पाववाल्याचा, पों पों. तोवर माझे हात मातीत गेलेले असतात, म्हणून तो खिडकीच्या खिळ्याला टांगलेल्या पिशवीत पोई टाकतो आणि डब्यातून पैसे स्वतः घेतो, सुटेही स्वतःच परत ठेवतो. इतक्या वर्षांत आमचं दहा वाक्यं बोलणं झालं नसेल. पोई पातळ भाजीत बुडवून बायको माझ्या तोंडात घालते, कारण हात चिखलाचे. पन्नाशी उलटल्यावर हे लाड फक्त आमच्या धंद्यात.

माती पायाने मळताना टाचेला खडा लागतो. तो काढून अंगणात भिरकावणं हे फार मोठं सुख आहे. एक बारकासा खडा आत राहिला तर माती वाळताना आकसते, तो आकसत नाही, आणि नेमका पोटावर तडा जातो. म्हणजे टाचेला टोचला तो वाचला. मी तर मोजतो. परवा सतरा.

आणि यंदाचं खास. अधिक जेठ आल्यामुळे चवथ 14 सप्टेंबरला आली. गेल्या वर्षी 27 ऑगस्टला होती. 18 दिवस वरकड! वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो त्या मुलखात माती वाळवून पोट भरायचं, म्हणजे हे 18 दिवस काय आहेत ते ओळखा. इतर वर्षी ऑगस्टात शंभरचे बल्ब लावून मूर्तींना शेकत बसतो, लाइट गेली की पंख्याने वारा घालतो. यंदा रंगाला बसेन तेव्हा पाऊस ओसरायला आलेला असेल. अडीच-तीन वर्षांनी एकदा पंचांग आमची आठवण काढतं.

शेवटचं, तुम्ही हसाल. 25 जुलैला एकादशी, दुसऱ्या दिवशी आमच्या देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकालो. यंदा रविवार आलाय. अंगाला तेल चोपडून गाव चिखलात लोळतं. मी वर्षभर चिखलात असतो, तरी जातो. त्या चिखलाचं काही बनवायचं नसतं.

आमच्या घरचा गणपती सगळ्यात शेवटी रंगतो. त्याचा एक कान कधी धड होत नाही.

पडद्यामागची · मंगळवार, दुपारी 2.15

काका, पाटाच्या पाठीवरचे इंच वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन आले. मुकुट अर्धा बोट वर नेलात हे त्यांना कळलं असेल का?

माझे बाबा जत्रेच्या नाटकांचे पडदे रंगवायचे. मांजरपाट शिवून देवळाच्या अग्रशाळेत पसरायचे आणि अनवाणी त्याच्यावरच फिरत, बांबूला ब्रश बांधून रंगवायचे. खडूची पूड, पूड रंग आणि सरस. सरस शिजला की अख्खा वाडा नाक धरायचा. मी अजूनही नाटकांचं नेपथ्य करते, आता सगळं तयार डब्यातून येतं. तरी वर्षातून एकदा काहीतरी निमित्त काढून सरस शिजवते. घाणच येते. बरं वाटतं.

गावचं नाटक, गावचेच नट. बाबा शेवटच्या रांगेत बसायचे आणि नाटक बघायचेच नाहीत. पडदा बघायचे. रस्ता, जंगल, दरबार, झोपडी. दरबार उतरला की लहान पोरं गप्प व्हायची, तेवढं त्यांना पुरायचं. एकदा दोरीवाल्याने दरबाराऐवजी जंगल सोडलं. सिंहासन झाडीत. राजा आमच्याच वाड्यावरचा दुकानदार, तो बिचकला नाही. म्हणाला, "प्रधानजी, आज दरबार शिकारीलाच भरवू." बाबा ते पुढे कित्येक वर्षं सांगायचे. नाटक कुठलं होतं ते मात्र त्यांना कधीच आठवलं नाही.

ब्रश_आणि_बिल · मंगळवार, दुपारी 2.40

माशेलकर, 21 चे पैसे घेऊन 15 केली असती तर मी समजू शकलो असतो. 15 चे घेऊन साडेपंधरा? असा धंदा करता?

चिखलवाला_माशेल · मंगळवार, रात्री 9.30

मातीचे पैसे पडत नाहीत हो. आणि पडदेवाल्या बाय, त्यांना कळलं असणार. नारळ-विडा ठेवायला आले तेव्हा मूर्तीकडे बघत जरा जास्त वेळ उभे राहिले. मीही दुसऱ्याच पाटाशी काम काढलं.

ओला_कागद · बुधवार, रात्री 10.20

सगळ्यांना एकत्रच लिहिते. आज होमस्टेवाल्याला अर्ध्या रकमेचा मेसेज पाठवला, एकदाही न खोडता. अजून उत्तर नाही. गेलेल्या कागदावर कोळसा घासून बघितला. खरंच छान धरतो, पोत असा काही येतो की मुद्दाम आणता येणार नाही. आमच्या पोदेराची सायकल काढली, त्याची टोपली नीट जमली, हँडल नाही.

एकच अडचण. कपाटात बल्ब लावा म्हणालात, पण दुकानात सगळीकडे एलईडी मिळतात आणि ते तापतच नाहीत. फोंड्यात चार दुकानं फिरले. जुना पिवळा बल्ब कुठे मिळेल?

दिवाडी_फेरी · बुधवार, रात्री 10.31

अरे हो. माझ्याकडे अजून जुनेच आहेत, त्यामुळे लक्षातच आलं नाही.

चिखलवाला_माशेल · बुधवार, रात्री 10.45

माझ्याकडे खोकाभर आहेत, जपून ठेवलेले. रविवारी ये आणि दोन घेऊन जा. जुने कपडे घालून ये, चिखलात उतरवीन. मात्र चवथीआधी परत आणून दे हां, पंचांगावर एवढा भरवसा नाही माझा.