सेस्ना १७२ च्या ऑइल फिल्टरसाठी पाना कोणता घ्यावा?

टूलक्रिब
विमान १७२एस, इंजिन लायकमिंग आयओ-३६०-एल२ए, फिल्टर चॅम्पियनचा सीएच ४८११०-१. फिल्टरच्या बंद टोकाला षटकोनी नट आहे. सध्या पेटीत मोटारगाडीचा पट्टा पाना, २६ मिमीचा रिंग पाना आणि अर्धा इंच ड्राइव्हचा (सॉकेट बसतो तो चौकोन) टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना आहे. टॉर्क पाना फिल्टर आणि फायरवॉल (इंजिनामागची आगरोधक भिंत) यांच्यामध्ये सरळ शिरत नाही. दुकानात कप, पट्टा, साखळी, तीन पायांचा असे सगळे प्रकार दाखवतात. नक्की कोणता घ्यावा? सोडायला आणि आवळायला एकच चालेल का? हाताने आवळून वर पाऊण फेरा दिला की झालं, असंही ऐकलंय.

मॅग्नेटो_डावा
दुकानदाराने दाखवलेल्यांपैकी एकही नको. ते सगळे पाने डबा बाहेरून धरतात आणि गाडीच्या फिल्टरला नट नसतो म्हणून बनवलेले आहेत. तुमच्या फिल्टरला नट दिलाय, तोच धरायचा.

नट १ इंची, म्हणजे २५.४ मिमी. २५ चा पाना बसत नाही आणि २६ चा ०.६ मिमी सैल बसतो. पातळ नटाचे कोपरे गोल करायला एवढा सैलपणा पुरतो. १ इंच एएफ (नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर) मापाचाच पाना मागा; मुंबईत नागदेवीला इंची मापं सहज मिळतात. सहा कोनी घ्या, बारा कोनी नको.

दोन गोष्टी लागतील. सोडायला १ इंची आखूड रिंग पाना. आवळायला १ इंची क्रोफूट, म्हणजे टॉर्क पान्याच्या टोकाला लावायचं आडवं पान्याचं डोकं, तोही रिंगसारखा नटाला वेढणारा, उघड्या तोंडाचा नको; उघडा क्रोफूट जोर आला की निसटतो. मागे जागा असेल तर सॉकेट उत्तम. पण सॉकेटच्या तोंडाला आतून उतार असतो आणि नटाची उंची कमी, त्यामुळे पकड फक्त वरच्या काठावर मिळते. तोंड ग्राइंडरवर सपाट करून घेतलं की पकड पूर्ण येते. आधी काऊल (इंजिनावरचं झाकण) उघडून फिल्टरच्या टोकापासून फायरवॉलपर्यंत किती मिमी मोकळं आहे ते मोजा, मगच खरेदीला जा. सॉकेट, अडॅप्टर आणि टॉर्क पान्याचं डोकं यांची बेरीज त्यात बसली पाहिजे.

सोडताना पाना कसलाही असो, फिल्टर तसाही भंगारात जाणार. आवळताना मात्र डब्याला हात लावायचा नाही. पट्ट्याने पत्रा चेपला की ऑइलच्या दाबाखाली तिथूनच तडा जाऊ शकतो. खाली पडलेला नवा फिल्टरही बसवू नका, डाग दिसो वा न दिसो.

टॉर्क डब्यावरच छापलेला असतो: १६ ते १८ फूट-पाउंड, म्हणजे साधारण २२ ते २४ न्यूटन-मीटर. फूट-पाउंड आणि इंच-पाउंड यांची गल्लत करू नका. १८ फूट-पाउंड म्हणजे २१६ इंच-पाउंड. तुमचा अर्धा इंची टॉर्क पाना बहुधा या कामाला मोठा आहे. ठरवलेला टॉर्क आला की क्लिक करणारे पाने आपल्या कमाल आकड्याच्या पाचव्या हिश्शाखाली भरवशाचे नसतात. ३/८ ड्राइव्हचा, १० ते ६० न्यूटन-मीटरच्या आसपासचा घ्या आणि कॅलिब्रेशनचा स्टिकर चालू तारखेचा ठेवा.

गॅस्केटला (फिल्टरच्या तोंडाची रबरी कडी) डीसी-४ या सिलिकॉन कंपाउंडचा पातळ थर. कोरडं गॅस्केट बसताना पिळवटतं आणि पुढच्या वेळी चिकटून बसतं. घट्ट बसलेल्या फिल्टरमागे बहुतेक वेळा कोरडं गॅस्केट किंवा अंदाजाने आवळणं असतं.

स्क्रूड्रायव्हर_१२
एवढा खर्च कशाला? फिल्टर निघत नसेल तर डब्यात आरपार स्क्रूड्रायव्हर ठोकायचा आणि फिरवायचं. नटसुद्धा लागत नाही.

बोअरस्कोप
@स्क्रूड्रायव्हर_१२, हे विमानात करू नका. फिल्टर काढल्यावर तो कापून आतला घड्यांचा गाळणकागद तपासायचा असतो, इंजिनातली धातूची कणी दिसते का ते बघायला. ठोकलेल्या भोकाची पत्र्याची कणी त्याच घड्यांत पडते, मग चुंबकाला जे चिकटतं ते इंजिनातल्या कॅमचं की डब्याचं हे सांगणार कोण? पत्रा बेसजवळ फाटला तर पुढे धरायलाही काही उरत नाही.

घट्ट बसला असेल तर इंजिन कोमट असताना रिंग पाना लावून प्लास्टिकच्या हातोड्याने पान्याच्या दांड्यावर हलके ठोके द्या. धक्क्याने सुटतो, ताणून सुटत नाही. तरी नाहीच सुटला तर पट्टा पाना बेसला अगदी लागून, जिथे डब्याची कड दुमडलेली असते तिथे लावा. या एका कामापुरता तो पेटीत असू द्या.

निघाल्यावर दोन गोष्टी बघा. इंजिनावरच्या फिल्टर अडॅप्टरचा स्टड (ज्या आट्यांवर फिल्टर बसतो तो) फिल्टरबरोबर सुटून आलाय का? आणि जुनं गॅस्केट अडॅप्टरला चिकटून राहिलंय का? जुन्यावर नवं बसलं तर जमिनीवर कदाचित कोरडं दिसेल, पण इंजिनाला पूर्ण ताकद दिल्यावर निसटून सगळं ऑइल बाहेर जाऊ शकतं. बोट फिरवून खात्री करा, नुसतं बघून नाही.

टूलक्रिब
क्रोफूट लावला तर टॉर्क पान्यावर १७ फूट-पाउंडच (१६ ते १८ चा मध्य) ठेवायचे का? लांबी वाढली तर आकडा बदलतो ना?

मॅग्नेटो_डावा
बदलतो, पण कोनावर अवलंबून. क्रोफूट पान्याला काटकोनात लावला तर फरक जवळजवळ शून्य, थेट १७ ठेवा. जागा असेल तर हेच करा, हिशेब नको आणि चूक नको.

सरळ रेषेत पुढे लावावा लागला तर: हवा असलेला टॉर्क गुणिले पान्याची लांबी, भागिले (पान्याची लांबी अधिक क्रोफूटची लांबी). पान्याची लांबी ड्राइव्हच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत, क्रोफूटची ड्राइव्हच्या चौकोनापासून नटाच्या मध्यापर्यंत. उदाहरणार्थ २५० मिमीचा पाना, ४० मिमीचा क्रोफूट: १७ × २५० ÷ २९० = १४.७ फूट-पाउंड. क्रोफूट मागे मुठीकडे वळवला तर भागताना ४० वजा करायचे, अधिक नाही. मूठ मध्यातच धरायची. पुढे-मागे धरली की हिशेब फुकट.

नंतर सेफ्टी वायर (फिल्टर सैल होऊ नये म्हणून बांधायची तार), ०.०३२ इंची, इंचाला ६ ते ८ पीळ. तारेचा ओढा फिल्टर आवळण्याच्या दिशेने हवा. नटाची भोकं आणि अडॅप्टरची जागा जुळत नाही म्हणून टॉर्क ओलांडून फिरवू नका, तारेचा मार्ग बदला.

हँगर_कोपरा
हाताने पाऊण फेऱ्याचं विचारलंय, ते रोटॅक्स ९१२ या हलक्या विमानांच्या इंजिनाचं. त्या फिल्टरला नट नाही, तार नाही. गॅस्केटला ऑइल लावून हाताने टेकवायचा, मग हातानेच २७० अंश. तिथे कप पाना फक्त सोडायला लागतो, आणि तो डब्याचा व्यास व पैलू मोजून घ्यावा. लायकमिंगला ही पद्धत लावू नका आणि रोटॅक्सला टॉर्क पाना लावू नका.

एक भर. आवळून झाल्यावर इंजिन चालवा, ३० सेकंदांत ऑइलचा दाब दिसला नाही तर बंद. दाब आला तर मिनिट-दोन मिनिटं १,००० आरपीएमवर ठेवा आणि मग काऊल लावायच्या आधी टॉर्च घेऊन बघा. फिल्टरचं गॅस्केट कोरडं आणि तरी ओल दिसते, तर ती वरून, कन्व्हर्टर प्लेटच्या (फिल्टर आणि इंजिन यांच्यामधली जोडपट्टी) गॅस्केटमधून येत असेल. काही लायकमिंग इंजिनांवर त्यासाठी एफएए या अमेरिकी विमान नियामकाची एडी (पाळावीच लागणारी सुरक्षा सूचना) २००२-१२-०७ आहे. तुमच्या इंजिनाचा क्रमांक तिच्यात येतो का ते लॉगबुक उघडून पाहा. तिथली गळती फिल्टर आणखी आवळून थांबत नाही, फक्त डबा बिघडतो.

टूलक्रिब
काऊल उघडून मोजलं, सॉकेट बसणार नाही. १ इंची सहा कोनी रिंग क्रोफूट, आखूड रिंग पाना आणि ३/८ चा टॉर्क पाना अशी मागणी लिहिली आहे. २६ चा पाना पेटीतून काढून ठेवला.