कॉईन्स विकायचेत, पण एक्स्चेंजवर टाकायला हात धजत नाहीये

जुनं_पाकीट:
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, लिहायची पहिलीच वेळ, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझ्याकडे सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेले थोडे बिटकॉइन आणि थोडं इथर आहे. सगळं हार्डवेअर वॉलेटमध्ये (चाव्या ऑफलाइन ठेवणारं छोटं यंत्र), त्याच्या चावीचे चोवीस शब्द कागदावर लिहून दोन वेगळ्या जागी ठेवलेत, आणि मधल्या काळात भाव वर गेला खाली गेला तरी मी त्याला हात लावला नाही. आता पैशांची गरज आलीय, सगळे नाही पण निम्मे तरी विकायचेत, आणि गाडी इथेच अडलीय. चावी आपल्याकडे तर कॉईन आपला हे इतकी वर्षं डोक्यात घोटून बसलंय आणि विकायचं म्हटलं की ते उचलून एक्स्चेंज चालवणाऱ्या कुणातरी अनोळखी कंपनीच्या पत्त्यावर पाठवायचे आणि मग देव पाण्यात घालून बसायचं. घेताना भीती वाटली नव्हती कारण तेव्हा रक्कम किरकोळ होती.

तर विश्वास ठेवायचा तो नक्की कशाच्या जोरावर? ॲपला किती स्टार आहेत, जाहिरातीत कोण आहे, की काही खरंच तपासता येतं? आणि एका दमात विकून मोकळं व्हावं की थोडेथोडे? एक मित्र म्हणतोय एक्स्चेंजच्या फंदात पडूच नको, सरळ पीटूपी कर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला विक.

खातेवही:
सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात नीट बसवा. एक्स्चेंजवर पाठवलेला कॉईन तिथे तुमच्या नावाने वेगळा ठेवलेला नसतो, तो त्यांच्या मोठ्या वॉलेटमध्ये जातो आणि त्यांच्या वहीत तुमच्या नावापुढे एक आकडा पडतो. तुम्ही विकलंत की तो आकडा पुसून दुसरा लिहितात, ब्लॉकचेनवर (सगळ्या व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीत) काहीच हलत नाही. स्क्रीनवर जे दिसतं ते देणं आहे, उधारी म्हणा हवं तर, आणि उधारी किती खरी ते वसूल करायला गेल्यावरच कळतं.

माउंट गॉक्स या बुडालेल्या जुन्या एक्स्चेंजचं उदाहरण सगळे देतात पण त्यातली मजेशीर गोष्ट कुणी सांगत नाही. २०१३ मध्ये तिथून बँकेत पैसे काढायला लोकांना आठवडेच्या आठवडे लागत होते, म्हणून अडकलेले लोक त्याच पैशांनी तिथेच बिटकॉइन घेऊन बाहेर न्यायला लागले, त्यामुळे तिथला भाव बाकीच्यांपेक्षा वर. नवख्याला वाटायचं वा, इथे विकलं तर जास्त मिळतात! मिळत होते, पण वहीत. मग ७ फेब्रुवारी २०१४ ला त्यांनी बिटकॉइन काढणंसुद्धा थांबवलं आणि तोच भाव बाकीच्यांच्या कितीतरी खाली कोसळला, महिना संपायच्या आत दिवाळखोरीचा अर्ज. सुमारे ८,५०,००० बिटकॉइन गायब असं सांगितलं, त्यातले २,००,००० च्या आसपास नंतर जुन्या वॉलेटमध्ये सापडले. लोकांना कॉईन परत मिळायला सुरुवात झाली ती जुलै २०२४ मध्ये.

त्यामुळे एखाद्या ठिकाणी भाव इतरांपेक्षा सतत वेगळा दिसला तर आधी बघा की तिथून पैसा आणि कॉईन दोन्ही बाहेर पडतायत का. भावातला फरक हा बहुतेक वेळा दार अडकल्याचा आवाज असतो.

आणि किती विश्वास ठेवायचा यापेक्षा किती वेळ ठेवायचा हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. तुम्हाला तिथे राहायचं नाहीये, विकून निघायचंय. कॉईन पोचल्यापासून पैसे बँकेत पडेपर्यंतचा जो काळ आहे तेवढीच तुमची जोखीम, तो काळ आणि त्या काळातली रक्कम दोन्ही लहान ठेवा.

रात्रपाळी:
खातेवहींचं बरोबर आहे पण वेळ लहान ठेवणं आपल्या हातात असतंच असं नाही हे मी स्वतः भोगलंय. नाव सांगत नाही, मोठंच एक्स्चेंज होतं. खातं दोन वर्षं जुनं, केवायसी झालेली, अधूनमधून किरकोळ खरेदी, कधी काही त्रास नाही. मग घरच्या एका मोठ्या खर्चासाठी एकदम बरंचसं विकलं, पाच मिनिटांत विकलं गेलं, मी खुश. पैसे काढायचं बटण दाबलं तर पाटी आली की खातं तपासणीखाली आहे. हे कॉईन तुमच्याकडे आले कुठून, पुरावा द्या. मी घेतले होते ते एक्स्चेंज बंद होऊन जमाना झाला, तिथली पावती कुठून आणू? जुने ईमेल खणले, बँकेची स्टेटमेंट काढली, वॉलेटच्या व्यवहारांचे आयडी जोडून दिले, आणि दर खेपेला नवीन माणूस उत्तर द्यायचा आणि पहिल्यापासून सगळं विचारायचा. १९ दिवस गेले. पैसे मिळाले, पूर्ण मिळाले, पण त्या १९ दिवसांत झोप काय असते ते विसरले होते मी.

आता विचार केला तर कुणी फसवत नव्हतं, एवढी रक्कम अचानक आली की त्यांना विचारावंच लागतं. चूक माझी की मी ते आधी विचारलं नाही. तुम्ही खरेदीचे जे काही कागद असतील ते आत्ताच एका फोल्डरमध्ये जमा करा, खातं उघडा, वरच्या पातळीची केवायसी पूर्ण करा, रोजची काढायची मर्यादा किती आहे बघा, आणि बँक खात्यावरचं नाव आणि केवायसीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का तेही. हे सगळं झाल्याशिवाय एक कॉईन हलवू नका.

शंकासुर:
मी थोडा उलट बोलतो, रागावू नका. इथे प्रत्येक धाग्यावर माउंट गॉक्स निघतं आणि नवीन माणूस घाबरून घरी बसतो. ज्यांनी तिथे अडकून कॉईन परत मिळवले त्यांना कमी कॉईन मिळाले तरी २०१४ च्या भावापेक्षा किती तरी जास्त पैसे मिळाले, जबरदस्तीने का होईना होल्ड केलं बिचाऱ्यांनी 😄 २०२२ मध्ये बुडालेल्या एफटीएक्स एक्स्चेंजवाल्यांचं नशीब उलटं, त्यांचे दावे नोव्हेंबर २०२२ च्या भावाने डॉलरमध्ये धरले, म्हणजे तळाचा भाव, नंतर जे वाढलं ते त्यांचं नाहीच.

तपासायला काय आहे म्हणाल तर स्टार आणि जाहिराती विसरा, एफटीएक्सचं नाव स्टेडियमवर होतं. व्हॉल्यूमचा, म्हणजे उलाढालीचा, आकडाही जसाच्या तसा घेऊ नका, स्वतःच स्वतःशी खरेदी-विक्री करून तो फुगवता येतो. प्रूफ ऑफ रिझर्व्हचं प्रमाणपत्र लावतात हल्ली, ते असलेलं बरंच, पण त्यात आमच्याकडे इतके कॉईन आहेत एवढंच असेल तर अर्धीच गोष्ट झाली, देणी किती आहेत? तिजोरीचा फोटो दाखवला म्हणून कर्ज नाही असं थोडंच. शिवाय तो एका दिवसाचा फोटो.

मी काय बघतो सांगू का? ऑर्डर बुक, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या बोलींची यादी. मला विकायचंय तेवढ्या रकमेला आत्ताच्या भावाच्या जवळ खरे घेणारे आहेत का. पातळ बुकवर मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला लगेच विका) टाकली की ती वरून खाली एकेक बोली खात जाते आणि शेवटचे कॉईन भलत्याच भावाला जातात, मग लोक म्हणतात एक्स्चेंजने फसवलं. लिमिट ऑर्डर लावा, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाच्या खाली विकलं जात नाही, दोन-चार तास वाट बघायला लागली तर बघा. तिला फीसुद्धा बऱ्याच ठिकाणी कमी असते. आणि ते एका टचमध्ये विका, झटपट रूपांतर वगैरे बटण असतं ना, त्यावर झिरो फी लिहिलेलं असलं तरी भावातच कापून घेतात, शेजारी ऑर्डर बुक उघडून ताडून बघा म्हणजे कळेल.

खातेवही:
@शंकासुर वाट बघा म्हणताय ते मान्य, पण दोन-चार तास आणि दोन-चार आठवडे यात फरक आहे. अजून थोडा भाव येऊ दे म्हणून कॉईन तिथेच ठेवून देणारे मी पुष्कळ पाहिलेत. वाट बघायची तर स्वतःच्या वॉलेटमध्ये बघा ना.

आणि विकलं म्हणजे सुटलो हेही नाही. बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून ऑगस्ट २०१६ मध्ये सुमारे १,२०,००० बिटकॉइन चोरीला गेले, तेव्हा त्यांनी तोटा सगळ्यांवर वाटला, प्रत्येक खात्यातून साधारण ३६ टक्के कापले, ज्यांच्याकडे बिटकॉइन नव्हते नुसते डॉलर पडलेले होते त्यांचेही. बदल्यात देण्याच्या पावतीसारखे टोकन दिले आणि पुढच्या वर्षी एप्रिलपर्यंत ते फेडले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण मुद्दा असा की विकलेले पैसे वहीत पडून असतील तर तुम्ही अजून आतच आहात.

जुनं_पाकीट:
सगळ्यांचे आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. @रात्रपाळी ताई, तुमचं वाचून आज दिवसभर जुने ईमेल उपसले, तीन पावत्या सापडल्या, एक नाही सापडत.

अजून दोन शंका. पीटूपीचं कुणी बोललंच नाही. आणि समजा भाव पडायला लागला आणि बँकेत काढायला वेळ लागणार असेल तर तोवर स्टेबलकॉईनमध्ये (डॉलरच्या भावाला बांधलेल्या कॉईनमध्ये) बदलून ते परत माझ्या वॉलेटमध्ये आणले तर? म्हणजे भावाचीही भीती नाही आणि एक्स्चेंजचीही.

अर्धवटराव:
पीटूपीवर मी दोन वर्षं बऱ्यापैकी केलंय म्हणून लिहितो. एक्स्चेंज तिथेही असतंच, पैसे पोचेपर्यंत कॉईन एस्क्रोमध्ये तेच अडकवून ठेवतात, त्यामुळे एक्स्चेंज टाळलं हा भ्रम आहे. फक्त एका कंपनीवरचा विश्वास कमी होऊन एका अनोळखी माणसावरचा वाढतो. खरी गोम अशी की तुम्ही सोडलेला कॉईन परत येत नाही पण समोरच्याने पाठवलेले पैसे मागे जाऊ शकतात किंवा तुमचं खातं गोठवलं जाऊ शकतं. पेमेंट केल्याचा स्क्रीनशॉट आला म्हणून एस्क्रो सोडणारे रोज फसतात, स्क्रीनशॉट कुणीही बनवतो, आपलं बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघायची. आणि पैसे तिसऱ्याच माणसाच्या नावाने आले तर व्यवहार थांबवायचा, मग समोरचा कितीही गोड बोलो, भावाचं खातं आहे, बायकोचं आहे म्हणो. बऱ्याचदा ते कुणाला तरी गंडवून आणलेले पैसे असतात, तो गंडलेला तक्रार करतो आणि गोठतं ते तुमचं खातं, कारण पैसे तुमच्याकडे आलेत. मी याच कारणाने सोडलं. रक्कम मोठी असेल तर मी तरी नाही म्हणेन.

स्टेबलकॉईनचं म्हणाल तर कल्पना वाईट नाही, पण ते विकणं नाही, जोखीम बदलणं आहे. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसी या स्टेबलकॉईनच्या मागचे ३.३ अब्ज डॉलर तिथे होते, एका डॉलरचं नाणं ८८ सेंटच्या खाली गेलं होतं. दोन-तीन दिवसांत सावरलं, पण ज्याने घाबरून त्या रात्री विकलं त्याचे गेले ते गेले. मे २०२२ मधलं टेराचं यूएसटी हे स्टेबलकॉईन तर सावरलंच नाही.

रात्रपाळी:
@जुनं_पाकीट एक पावती नसेल तर ते कॉईन सध्या हलवूच नका, तुम्हाला निम्मेच विकायचेत ना, ज्यांचे कागद आहेत तेच विका.

खातेवही:
आता कामाचं. तुम्ही आधी अगदी किरकोळ रक्कम पाठवा, ती विका आणि बँकेपर्यंत आणा, पूर्ण फेरी. बरेच जण फक्त कॉईन पोचला का एवढंच बघतात, ती अर्धी चाचणी झाली, आत घेताना कुणीच अडवत नाही. बिटकॉइनला साधारण दहा मिनिटांनी एक ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) नोंदला जातो, ते दोन-तीन किंवा जास्त कन्फर्मेशन, म्हणजे तितके ब्लॉक, मागतील, तेवढा धीर धरा. इथर पाठवताना नेटवर्क दोन्हीकडे एकच निवडलंय का बघा, नाव इथरच दिसतं पण जाळं वेगळं असतं. लॉगिनला एसएमएसचा ओटीपी नको, ऑथेंटिकेटर ॲप लावा. मग उरलेलं तीन-चार हप्त्यांत, एका हप्त्याचे पैसे बँकेत दिसल्याशिवाय दुसरा हलवायचा नाही. शक्यतो आठवड्याच्या सुरुवातीला, शुक्रवारी संध्याकाळी विकलं तर पैसे दोन दिवस उगाच तिथे लोळत पडतात. हप्त्यांमुळे फी थोडी वाढेल आणि भावही मधे हलेल, कधी तुमच्या बाजूने कधी विरुद्ध, ते गृहीत धरा.

शंकासुर:
आणि इथे लिहिलंत ना, आता खासगी मेसेज यायला लागतील. मी सपोर्टमधून बोलतोय, तुमचं वॉलेट व्हेरिफाय करायचंय, चोवीस शब्द टाका, असले. त्यांना ब्लॉक करा, उत्तर पण देऊ नका.

जुनं_पाकीट:
दोन आलेत ऑलरेडी 😅 एकाने तर फोटोसुद्धा एक्स्चेंजच्या लोगोचा लावलाय.

जुनं_पाकीट:
नऊ दिवसांनी अपडेट देतोय. चाचणीची फेरी बिटकॉइनची झाली, पैसे तिसऱ्या दिवशी बँकेत. मग पहिला हप्ता लिमिट ऑर्डरने, तीन तास लागले, मधे भाव घसरला तेव्हा मार्केटने मारून टाकावं असं चार वेळा वाटलं पण हात आवरला. पैसे आले. दुसरा हप्ता विकल्यावर भाव वर गेला, त्याचं थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता इथरची चाचणी केली, किरकोळ पाठवलं, पोचलं. पण आज वॉलेटच्या हिस्ट्रीत एक शून्य रकमेचा व्यवहार दिसतोय जो मी केलेला नाही. पत्ता एक्स्चेंजने दिलेलाच वाटतोय, सुरुवातीची चार आणि शेवटची चार अक्षरं तीच आहेत. हे काय आहे?

अर्धवटराव:
थांबा, काही पाठवू नका. तो सापळा आहे. तुमचा व्यवहार ब्लॉकचेनवर सगळ्यांना दिसतो, तो बघून कुणीतरी तसाच दिसणारा पत्ता तयार केलाय आणि तुमच्या हिस्ट्रीत टाकलाय, पुढच्या वेळी तुम्ही हिस्ट्रीतून कॉपी कराल या आशेवर. वॉलेटला धोका नाही, चावी गेलेली नाही. फक्त पत्ता दर वेळी एक्स्चेंजमध्ये लॉगिन करून तिथूनच घ्या आणि हार्डवेअर वॉलेटच्या स्क्रीनवर पूर्ण वाचा, मधली अक्षरंसुद्धा.

जुनं_पाकीट:
आत्ता दोन्ही पत्ते एकाखाली एक लिहून बघितले. मधलं एकही अक्षर जुळत नाही. आणि काल रात्री मी हिस्ट्रीतूनच कॉपी करणार होतो, फोन वाजला म्हणून राहिलं.